शनिवारी रात्री कुठं जायचं: खान्देशात खरंच जागा नाहीत का?

तापीकाठ:
‘जळगावात शनिवारी रात्री जायला जागाच नाही, ठरवता ठरवता दहा वाजतात आणि आम्ही घरीच झोपतो. पुण्यात असतो तर हा प्रश्नच पडला नसता,’ असं काल इथं एका भाऊने लिहिलं. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. पुण्यात नोकरी करून आलोय. तिथंही ग्रुपवर ‘तू सांग’, ‘मला काहीही चालेल’ हेच चालायचं. आणि हा ‘काहीही चालेल’वाला शेवभाजीचं नाव काढलं की म्हणतो तेल फार असतं, भुसावळ रोडचा ढाबा म्हटलं की म्हणतो ट्रकची गर्दी असते, पिक्चर म्हटलं की तिकीट महाग. कारण साफ आहे. जो जागा सुचवतो त्याच्यावर बिल जास्त झाल्याचं खापर फुटतं, म्हणून कुणी तोंड उघडत नाही. जागा आहेत, ठरवणारा नाही. शुक्रवारी एकाने ठरवावं, बाकीच्यांनी गुमान यावं, पुढच्या वेळी दुसऱ्याची पाळी.

पांझराकाठ:
जागा आहेत म्हणता, तर नावं सांगा ना भाऊ. तोरणमाळ? रात्री तो घाट कोण चढणार? पाटणादेवी? ते गौताळा अभयारण्यात आहे, तिथं रात्री काय करणार? लळिंगचा किल्ला दिवसा बघायचा. जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव होतो, पण तो जानेवारीत. बाकी वर्षभर ढाबा नाहीतर थेटर. आमच्या गावाकडची शेवटची एसटी संध्याकाळीच निघून जाते. ज्याच्याकडे गाडी नाही त्याने पाळीने ठरवून काय उपयोग? आधी एसटीचं बोला.

खापरभाकर:
दोघंही भरीत पार्टी विसरले! हिवाळ्यात शेतात जायचं, कपाशीच्या काड्या पेटवायच्या, वांगी भाजायची. याच्यापुढे कुठलं हॉटेल?

केळीबाग, रावेर:
शेतातलं ठीक आहे, पण हल्ली ढाब्यावर भरीत म्हणून जे वाढतात ते बघवत नाही. वांगं गॅसवर भाजायचं, मिक्सरला फिरवायचं आणि वर टमाटा! काड्यांच्या जाळावर साल पार काळी होते, गर आतल्या आत शिजतो, तो धूर भरतात उतरतो. मग साल काढून लाकडी बडगीत हिरवी मिरची, लसूण घालून ठेचायचं. गर ठेचला तर धागा राहतो, मिक्सरमध्ये त्याची चटणी होते. २०१६ मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते काय टमाटा घालायला?

पांझराकाठ:
धुळ्यात आमच्या घरी टमाटा घालतात. आजीपासून घालतात. भरीत फक्त जळगावचंच का?

केळीबाग, रावेर:
घाला. त्याला वांग्याची भाजी म्हणा.

पांझराकाठ:
आमच्या आजीच्या हातच्या भरताला भाजी म्हणायची गरज नाही. जिभेला आवर घाला.

भुसावळची लेक:
टमाट्यावरून भांडताय, पण त्या पार्टीत कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या कोण लाटतं आणि तळतं, ते एकानेही लिहिलं नाही. मागच्या हिवाळ्यात आम्ही बाया चुलीपाशी घामाघूम, पुरुष बाजेवर गप्पा मारत. पहिली पंगत त्यांची. आमच्यापर्यंत ताट आलं तेव्हा भरीत गार झालं होतं आणि कांद्याची पात संपली होती. तुमची रात्र बाहेर, आमचा स्वयंपाक बाहेर, एवढाच फरक. आणि ‘कुठं जायचं’ हा प्रश्न आम्हाला पडतच नाही. आम्हाला पडतो तो ‘परत कसं यायचं’. मे महिन्यात इथं पारा ४५च्या वर जातो, दिवसा दार उघडवत नाही, बाहेर पडायची वेळ रात्रीचीच. तरी मैत्रिणींसोबत मेहरूण तलावावर गेले की नऊपासून घरून फोन सुरू. तलावावर चांगले दिवे आणि परतायला बस द्या, आम्ही मिनिटात ठरवू.

खापरभाकर:
ताई, आमच्याकडे पुरुषही पुऱ्या तळतात हं.

भुसावळची लेक:
एखादी पुरी तळून फोटो काढतात. पीठ कोण मळतं, कढई कोण घासतं?

तापीकाठ:
चर्चा भरतात गेली. बसचं मान्य, तेवढं पांझराकाठचंही बरोबर धरतो. पण माझ्या ग्रुपात सगळ्यांकडे गाड्या आहेत, सगळे पुरुष आहेत, कुणाला घरून फोन येत नाही, तरी साडेनऊपर्यंत ठरत नाही. त्याचं काय? पाळी लावाच. आणि भरीत पार्टी ठरली तर ज्याची पाळी त्याने पीठही मळायचं, कढईही घासायची.

भुसावळची लेक:
हे आधी तुमच्या ग्रुपवर टाका. किती जण हो म्हणतात ते इथं येऊन सांगा, मग बोलू.

पांझराकाठ:
आणि एसटीचं राहिलंच.