पोलार्ड म्हणे ‘खरा’ कोच नव्हता!

ओहायोवासी
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की फ्रिट्झ पोलार्ड एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा) पहिला कृष्णवर्णीय कोच वगैरे काही नाही, १९२१ ला अ‍ॅक्रन प्रोज संघाचा कोच एल्गी टोबिन, पोलार्डचं नाव मागाहून चिकटवलं. दोनदा वाचलं, चहा गार झाला. अहो, त्या काळी रेषेबाहेरून डाव सांगायला नियमानेच बंदी होती! संघ हाकायचा तो मैदानातल्यानेच, आणि पोलार्ड तर मैदानात खेळत होता. आदल्याच वर्षी, १९२० ला, हा संघ एकही सामना न हरता विजेता झाला, तो काय आपोआप?

फायलीतला_किडा
माझंच पोस्ट होतं ते. आधी तपशील. १९२१ ला ‘एनएफएल’ हे नावच नव्हतं, ते १९२२ ला आलं. दुसरं, नोंदीत दोघांची नावं आहेत. सह-कोच. तो ‘सह’ गिळू नका. आणि विजेतेपदाचं कौतुक सांगता, तर अंतिम सामना झालाच नव्हता. ८ विजय, ३ बरोबरी, मग १९२१ च्या एप्रिलमध्ये बैठकीत मतदान करून विजेता ठरला.

गल्लीतला_राखीव
नोंदी नोंदी काय? संघमालकाच्या सिगारच्या दुकानात कपडे बदलून खेळायला जायचा पोलार्ड. खाली पाडलं की पाठीवर लोळून पाय सायकलसारखे फिरवायचा, अंगावर उडी मारणाऱ्याला बूट बसावेत म्हणून. आपल्या पाळवणकर बाळूची आठवण येते, तो दलित क्रिकेटपटू. पुण्यात गोलंदाजी चालायची, चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात.

फायलीतला_किडा
आला बाळू! कुठलाही धागा असो.

गल्लीतला_राखीव
येणारच. हिंदू संघाचं कप्तानपद बाळूला कधी दिलं नाही, धाकट्या विठ्ठलला १९२३ ला मिळालं. आणि माझे आजोबा गावच्या कबड्डी संघात होते. ढाल जिंकली की खांद्यावर घ्यायचे, पंगतीत पान ओट्याखाली. संघाच्या फोटोत ते नाहीतच. आता तुम्ही म्हणाल, नोंद कुठंय?

ओहायोवासी
तेच तर. १९३४ ते १९४५ या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. पोलार्डनंतरचा कृष्णवर्णीय मुख्य कोच थेट १९८९ ला, आर्ट शेल. पोलार्ड १९८६ लाच गेला. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेतलं २००५ ला. अशा लोकांच्या फायली तुम्ही देव्हाऱ्यात ठेवता?

फायलीतला_किडा
मला जातीयवादी ठरवून झालं असेल तर बोलतो. आजोबांचं वाईट वाटलं, खरंच. पण टोबिनने काय घोडं मारलंय? तोही राबलाच ना?

ओहायोवासी
बरं बाबा, सह-कोच. लिहिलं. खूश?

फायलीतला_किडा
खूश. आणि पुढे हॅमंड या दुसऱ्या संघालाही पोलार्ड कोच होता, अ‍ॅक्रन सोडून तेवढंच धरलं तरी पहिला तोच. एवढं मान्य.

गल्लीतला_राखीव
म्हणजे दोन दिवस भांडलो कशासाठी? टोबिनच्या पुतळ्याला माझे पाच डॉलर लिहून घ्या.