मदत हवी आहे: चिनी अक्षरांतलं रॅडिकल नक्की कशासाठी असतं?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे चीनहून एलईडी दिव्यांचा माल येतो. निदान खोक्यांवरचं वाचता यावं म्हणून सात महिने रात्री ऑनलाइन मँडरिन शिकतेय. बोलणं बऱ्यापैकी जमतं, पण अक्षरांपाशी आलं की घोडं पेंड खातं. (प्रश्नही घोड्याचाच आहे.) इथे चिनी अक्षरं टाकली की नुसते चौकोन दिसतात, म्हणून वर्णन करून लिहिते. उच्चार देवनागरीत जमतील तसे.

वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "रॅडिकल (अक्षरातला ठरावीक भाग) ओळखलं की अर्थ कळला." मी वहीत याद्या करून पाठांतर सुरू केलं. आई म्हणजे 'मा': डावीकडे बाई, उजवीकडे घोडा. ॲपमध्ये युक्ती दिली होती, घोड्यासारखी राबते ती आई. पटलंच की! पण प्रश्नाच्या शेवटी येणाऱ्या 'मा'मध्येही घोडा, सोबत तोंड. मुंगीत घोडा. शिव्या देण्यात घोडा, वर दोन तोंडं. हा सगळीकडे काय करतोय?

दुसरं, पाय, पोट, चेहरा या तिन्हींत डावीकडे चंद्र. चेहऱ्याचं एक वेळ समजू शकते, पायात चंद्र कशाला?

तिसरं, परवाच्या चाचणीत "मी चहा पिते" लिहिताना 'पिणे'च्या जागी 'तहान' लिहून आले. उजवी बाजू दोन्हींत तीच. पिण्याला पाण्याचे तीन थेंब असणार असं धरलं, तर तिथे तोंड, आणि थेंब तहानेला!

२१४ रॅडिकलं पाठ करू की नाद सोडू?

प्रतिसाद १

नाद सोडू नका, यादी सोडा.

रॅडिकलला चिनीत 'बूशौ' म्हणतात, म्हणजे विभागाचा म्होरक्या. हा मुळात कोशातला पत्ता आहे. त्यांना आपल्यासारखी अकारविल्हे लावता येत नव्हती, म्हणून अक्षरांचे गट पाडले. अमरकोशात पाण्याचे शब्द वारिवर्गात, झाडपाला वनौषधिवर्गात असतो ना, काहीसं तसंच. फक्त इथे गट अक्षराच्या आकारावरून ओळखायचा. इसवी सन १००च्या सुमारास शू शन याने ५४० गट केले होते. तुमचे २१४ कांगशी सम्राटाच्या १७१६च्या कोशामुळे रूढ झाले.

आता घोडा. घोड्याचा उच्चारच 'मा' आहे, सूर (आवाजाचा चढउतार) तेवढा वेगळा. बाई सांगते की शब्द स्त्रीचा, घोडा सांगतो की 'मा' म्हणा. मुंगीत कीटक अधिक 'मा'. बहुतांश अक्षरं अशीच जोडलेली असतात: एक बाजू अर्थाची, दुसरी आवाजाची. राबणाऱ्या आईची गोष्ट ॲपवाल्यांची, अक्षराची नव्हे.

'छिंग' वाचली जाणारी अक्षरं घेऊन बघा. उजवीकडे सगळ्यांत तोच 'छिंग' भाग. डावीकडे पाणी आलं की नितळ, सूर्य आला की निरभ्र, हृदय आलं की भावना, बोलणं आलं की "कृपया". यादीऐवजी अशी कुटुंबं वहीत लिहा.

पिण्याला तोंड, कारण क्रिया तोंडाची. तहानेला थेंब, कारण हवंय पाणी. रॅडिकल विषय दाखवतं, अर्थ सांगत नाही.

पायातला चंद्र हा चंद्र नाहीच, ते मांस आहे. जुन्या लिपीत दोन वेगळी चिन्हं होती, लिहिता लिहिता सारखी झाली. डावीकडे किंवा खाली दिसलं तर आधी मांस समजा. यकृत, मेंदू सगळे त्यात. 'मित्र'मधले दोन चंद्र मात्र चंद्रही नाहीत आणि मांसही नाही, मुळात त्या कवड्यांच्या माळा होत्या.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण एक धोक्याची घंटा. 'वन', म्हणजे विचारणे: दारात तोंड. कांगशी कोशात ते तोंडाखाली मिळतं, कारण दार (मन) तिथे आवाजाला आहे. आजच्या काही कोशांत मात्र तेच दाराखाली टाकलंय, बाहेरचा भाग आधी दिसतो म्हणून. सापडलं नाही तर दुसऱ्या भागाखाली शोधा.

आणि 'थिंग', ऐकणे, यात तोंड बघून दचकू नका. जुन्या रूपात कान होता. १९५६ साली चीनने अक्षरं सोपी केली, त्या सोप्या लिपीत तो गेला.

धागाकर्ती

दोघांचेही आभार! घोड्याचं कोडं सात महिन्यांनी सुटलं. आत्ताच गोदामात जाऊन खोकं बघून आले. दिवा म्हणजे 'दंग': डावीकडे अग्नी, उजवीकडचा भाग एरवी 'दिंग' वाचतात. म्हणजे अग्नी अर्थाला आणि 'दिंग' आवाजाला, बरोबर? पण मग 'दिंग' का, 'दंग' का नाही?

प्रतिसाद १

अगदी बरोबर. सोपी करण्याआधीच्या लिपीत तिथे बरोब्बर 'दंग' वाचला जाणारा भाग आहे, पण तो बारा रेघांचा. सोप्या लिपीत दोन रेघांच्या 'दिंग'वर भागवलं. तैवानहून माल मागवलात तर खोक्यावर जुनं रूप दिसेल.