फोर्क बदला म्हणणाऱ्यांनो, आधी सॅग मोजलीय का?

ताम्हिणीकर

काल आमच्या बायकर ग्रुपवर रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ बद्दल एक फॉरवर्ड पडला. 'हिमालयन ४११ च्या स्टॉक फोर्कवर स्पितीला जाणं म्हणजे मरण ओढवून घेणं. गाडी घेतल्या दिवशी यूएसडी बसवा, मग बाकीचं बोला.' (स्टॉक फोर्क म्हणजे कंपनीने दिलेले पुढचे शॉकअप; यूएसडी म्हणजे उलटा, जाड नळी वर असलेला फोर्क.) खाली चाळीस अंगठे. मी दोन ओळी लिहिल्या तर अ‍ॅडमिन म्हणाले, 'दादा, वाद नको.' म्हणून इथे.

सहा वर्षं ४११ चालवतोय. माझं वजन ९४, बूट-जॅकेट-हेल्मेट धरून १०५. ब्रेक दाबला की गाडी नाक घासायला निघायची. मीही यूएसडीचे भाव काढून ठेवले होते, बायकोला सांगायची थापसुद्धा तयार होती. मग एका मित्राने गेटर (फोर्कवरचं रबरी आवरण) वर सरकवून फोर्कच्या नळीला झिपटाय बांधला आणि म्हणाला, 'बस.' फोर्क जास्तीत जास्त जितका दबतो तो ट्रॅव्हल २०० मिमी, त्यातले ८८ मिमी मी नुसता बसल्यावर संपले! हीच सॅग. ६० ते ६५ असायला हवेत. म्हणजे पहिला खड्डा यायच्या आधीच मी जवळपास अर्धा फोर्क खाऊन बसलोय.

माझ्या वजनाच्या स्प्रिंगा टाकल्या, तेल बदललं. दहा हजारांच्या आत काम झालं. आता सॅग ६४. मागच्या वर्षी स्पितीच्या वाटेवरचा ग्रामफू ते बातल हा दगडांचा पट्टा सामानासकट केला, फोर्क दोनदाच तळाला लागला, आणि त्यातल्या एका वेळी चूक माझी होती.

आणि ते स्प्रिंगवर पीव्हीसी पाइपाचे तुकडे टाकणाऱ्यांनो, प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. गाडी वर उठते. स्प्रिंग तीच राहते. हे अजून किती वर्षं सांगायचं?

पिस्टनराव

तो फॉरवर्ड मी लिहिलेला नाही, पण अंगठा माझाही आहे.

स्वस्तात जमलं की ते शास्त्र आणि दुसऱ्याने पैसे घातले की ती शोबाजी, हा हिशोब जुना आहे. स्प्रिंग बदललीत, छान. डॅम्पिंगचं, म्हणजे फोर्कची हालचाल तेलाने अडवण्याचं, काय? ४११ च्या फोर्कमध्ये डॅम्पर रॉड आहे. तेल ठरलेल्या भोकांतून जातं. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. म्हणून ब्रेक मारताना फोर्क हळू बुडतो तेव्हा तो काहीच अडवत नाही, आणि धारदार दगडावर चाक आपटलं की तोच फोर्क काठीसारखा ताठ होतो. जाड तेल घाला, बुडणं कमी होईल, पण दगड सरळ मनगटात. पातळ घाला, उलटं. ही भोकांची मर्यादा आहे, तुमच्या झिपटायने ती जात नाही.

मी केटीएमच्या जुन्या ३९० अ‍ॅडव्हेंचरचा ४३ मिमी यूएसडी बसवलाय. डोळे मिटून सांगतो, गाडीच वेगळी झाली.

ताम्हिणीकर

डोळे उघडून सांगा. त्या फोर्कला ट्रॅव्हल १७० मिमी. तुमच्या गाडीला कंपनीने दिलेला २००. पैसे मोजून ३० मिमी कमी करून आणलेत, अभिनंदन.

पिस्टनराव

आलाच मुद्दा. २०० मिमी वाईट वापरण्यापेक्षा १७० नीट वापरलेले बरे. आकडा म्हणजे काही देवाचा प्रसाद नव्हे.

ताम्हिणीकर

हे मान्य. पण मग 'गाडी घेतल्या दिवशी बसवा' हे कुठून आलं? ट्रिपल क्लॅम्प, स्टीअरिंगचा दांडा, अ‍ॅक्सल, कॅलिपरची बैठक, एबीएस रिंग आणि सेन्सरमधली फट, लॉकचे स्टॉपर, हे सगळं लेथवाल्याच्या अंदाजावर? आणि फोर्क आखूड झाला की पुढची बाजू खाली येते, रेक-ट्रेल, म्हणजे फोर्कचा तिरकेपणा आणि त्यानुसार चाक टेकण्याची जागा, बदलतं. २१ इंची चाक त्यानंतर कसं वागतं ते सांगा.

ग्रीसबाबा

मध्येच बोलतो, माफी. माझ्याकडे 'शॉकअप गेलेत, खट्‌खट् वाजतंय' म्हणून येणाऱ्या गाड्यांत बऱ्याच वेळा कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) ढिला असतो. पुढचं चाक उचला, फोर्क खालून धरून मागेपुढे हलवा. हललं तर कोनसेट. शॉकअपचा काही दोष नाही. चला, गिऱ्हाईक आलं.

मुसाफिर_मिरज

काय चाललंय काय! सॅग, रेक, ट्रेल. आमच्याकडचा दूधवाला चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन लटकवून स्प्लेंडरवर रोज पहाटे चिखलातून येतो. आधी राजदूत होती. त्याने कधी सॅग मोजली? एक थेंब सांडत नाही. गाडी चालवायला या, मग फोर्क बदला. आणि ९४ किलोवाल्यांनी दहा हजार स्प्रिंगांवर घालण्याऐवजी सहा महिने सकाळी पळावं. ह. घ्या.

पिस्टनराव

😂 पोटाबद्दल +१.

ताम्हिणीकर

पोटाबद्दल बोललात, हलकेच घेतलं. पण ९४ मधले ६ कमी केले तरी सॅग फार तर पाच-सहा मिमीनेच कमी झाली असती. मोजून बघा.

रानजाई

माझं वजन ५२. गियरसकट ६०. या धाग्यावर सगळे १०० किलोचे पुरुष एकमेकांना सल्ले देताहेत, म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी एका 'अनुभवी' वर्कशॉपवाल्याने मला न विचारता कडक स्प्रिंगा आणि जाड तेल भरून दिलं. 'मॅडम, सगळे हेच टाकतात.' वरंध्यात पहिल्याच खडीच्या वळणावर पुढचं चाक जमिनीला धरेचना, नुसतं उड्या मारत होतं. माझी सॅग ३० मिमीसुद्धा नव्हती. फोर्क दबायलाच तयार नाही, तर चाक खड्ड्यात उतरणार कसं? घसरले, हँडगार्ड गेला, आत्मविश्वास त्याच्या आधीच गेला होता. स्टॉक स्प्रिंगा परत टाकायला लावल्या, तेव्हा 'तुम्हाला कंट्रोल जमत नसेल' हे ऐकून घ्यावं लागलं. आता स्टॉक स्प्रिंगवर सगळं उत्तम आहे.

तेव्हा मुसाफिर, 'आधी चालवायला शिका' हे वाक्य मी पुष्कळ ऐकलंय. बहुतेक वेळा ते चुकीची स्प्रिंग बसवणाऱ्याकडूनच.

मुसाफिर_मिरज

ताई, तुम्हाला उद्देशून नव्हतं. पण मुद्दा तोच ना? स्टॉक चांगला आहे. दूधवाला बरोबर.

वेल्हेकर

दूधवाल्याला मध्ये आणलंत म्हणून विचारतो. ओळखता का एखाद्याला?

माझे वडील एकोणीस वर्षं दूध घालत होते. पहाटे साडेतीनला गोठा, पाचला गाडी. मी दहावीत असताना त्यांच्या मागे बसून जायचो. एक थेंब सांडत नाही म्हणता? सांडायचं. ज्या दिवशी सांडायचं त्या दिवशी घरी कोणी बोलायचं नाही. मागचे शॉकअप दर पावसाळ्यात बसायचे, मग वडील त्यात सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबायचे. पुढचं ऑइल सील गळायचं, तर फडकं गुंडाळायचे. त्यांना सॅग हा शब्द माहीत नव्हता, कारण पैसे नव्हते. कौशल्य जास्त होतं म्हणून नव्हे.

आज ते ६१ चे आहेत. कमरेचे मणके घासलेत, जमिनीवर बसता येत नाही. तुमच्या उदाहरणात हे कुठे बसतं बघा.

पिस्टनराव

वेल्हेकर, अगदी बरोबर. चांगला फोर्क असता तर...

वेल्हेकर

तुमच्या यूएसडीच्या जाहिरातीसाठी नाही लिहिलं हो. चांगला फोर्क नाही, चांगला दर पाहिजे होता. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागला तर पूर्ण भाव, पॉइंट खाली आला की कापला. मशीन त्यांचं, रीडिंग त्यांचं. आपण फक्त कॅन उचलायचा.

मुसाफिर_मिरज

हे मात्र शंभर टक्के. आमच्या चुलत्यांचा एसएनएफ संकलन केंद्रावर ८.१, त्याच दिवशी दुसरीकडे ८.४. विचारलं तर म्हणे गाईला विचारा.

रानजाई

आणि पावसाळ्यात पाणी जास्त पितात म्हणून कमी लागतो, हे ठरलेलं उत्तर. माझ्या माहेरी हेच.

काळाकोट

धागा दुधात गेलाय, तरी जाता जाता. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. स्प्रिंग आणि तेलाबद्दल कोणी विचारायला येणार नाही. अख्खी पुढची बाजू दुसऱ्या गाडीची लावली आणि अपघात झाला, तर विमावाल्याला आयतं कोलीत.

पिस्टनराव

वा! एबीएस झालं, मणके झाले, आता तुरुंग. एक फोर्क बसवला राव, माणूस नाही मारला.

ग्रीसबाबा

एबीएस लागतो का पण? नीट?

पिस्टनराव

लागतो.

...बऱ्याचदा. रिंगचं अंतर थोडं जास्त राहिलंय, कधीकधी दिवा लागतो. पेटवा आता शेकोटी.

ताम्हिणीकर

नाही पेटवत. तुमचा डॅम्पिंगचा मुद्दा बरोबर आहे, आणि मी तो पहिल्या पोस्टमध्ये टाळला, हेही खरं. ग्रामफूच्या दगडांवर माझे हात बधिर झाले होते. मी ते 'थंडी' म्हणून खपवलं. डॅम्पर रॉडवर बसणारा एम्युलेटर, म्हणजे तेलाचा प्रवाह सांभाळणारी झडप, घ्यायचा विचार आहे. पण तोही स्प्रिंग जमल्यावरच. क्रम चुकला की सगळं चुकतं, एवढंच माझं म्हणणं होतं.

पिस्टनराव

हे आधी म्हणाला असतात तर मी शनिवारचा मटणाचा बेत सोडून इथे टाइप करत बसलो नसतो.

बरं, एक विचारतो, कोणी हसू नका. मीही काल रात्री झिपटाय बांधला. सॅग ७२. १७० पैकी.

रानजाई

😶

ताम्हिणीकर

वजन?

पिस्टनराव

८९. तो विषय नाही. तेलाची लेव्हल वाढवली तर चालेल का? किती मिली घालू?

ताम्हिणीकर

सॅग तेलाने सुधारत नाही, ती स्प्रिंगचीच भानगड. लेव्हल वाढवली की आतली हवेची जागा कमी होते, त्यामुळे फोर्क शेवटच्या टप्प्यात कडक होतो, एवढंच. आणि मिलीवर जाऊ नका, मिमीत मोजा. तुमच्या फोर्कची पद्धत त्याच्या मॅन्युअलमध्ये बघा. माझ्या साध्या फोर्कला स्प्रिंग बाहेर काढून, नळी पूर्ण दाबून वरून मोजतात. दोन्ही पायांत एकच आकडा. आणि डब्यावरच्या १०डब्ल्यूवर जाऊ नका, एका कंपनीचं १० दुसरीच्या ७.५ इतकं पातळ निघतं. ४० अंशाला सेंटीस्टोक्स (तेलाच्या जाडपणाचं माप) किती ते बघा.

पिस्टनराव

म्हणजे माझ्या फोर्कलाही स्प्रिंगा.

ताम्हिणीकर

मी काही बोललो नाही.

मुसाफिर_मिरज

पळा म्हटलं होतं सकाळी.

वेल्हेकर, वडिलांबद्दल तसं म्हणायचं नव्हतं. उदाहरण तोंडात बसलेलं असतं, निघून जातं.

वेल्हेकर

असू द्या. तुमच्या चुलत्यांचा ८.१ ऐकून राग गेला.

मागच्या दिवाळीत मी हिमालयन ४५० घेतली. शोवा कंपनीचा यूएसडी आहे, २०० मिमीचाच. दादांना अंगणात दाखवली. ते बसले नाहीत, कंबर. नुसता पुढचा ब्रेक धरून हँडलवर दोनदा जोर दिला, फोर्क खाली जाऊन वर आला. म्हणाले, 'मऊ आहे. दुधाला नाही चालायची.'