२४ वर्षांनी डाळ मिल सोडतोय. मागे राहणाऱ्यांना धीर द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

डाळमिस्त्री, जळगाव

जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये २४ वर्षं काढली. लागलो तेव्हा पोती शिवायचो, आता मिस्त्री म्हणतात. दिवाळीआधी सोडतोय. भांडण वगैरे काही नाही. गुडघे कुरकुरतात, आणि मुलाने भुसावळला दुकान टाकलंय, तिथे घरचं माणूस हवंय.

शेठ म्हणाले, "जायच्या आधी पोरांना दोन शब्द बोला, नाहीतर तुमच्यामागे हातपाय गाळतील." आम्ही मिळून १५ जण: मशिनीवर ५, डाळ वाळवायच्या ओट्यावर ४, निवडायला ६ बाया.

माझं मत, भाषणाने धीर येत नाही. तुरीला तेल किती लावायचं, ढीग किती वेळ झाकून ठेवायचा, ओट्यावरून कधी उचलायची, हे आजवर माझ्या एकट्याच्या डोक्यात होतं. दाणा दाताखाली धरायचा. कट्ट तुटला तर उचल, दबला तर राहू दे. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन दोन दिवसांत काम उरकतं, श्रावणात तीच तूर आठवडा खाते. हे मी कोणाला नीट शिकवलं नाही. मिस्त्रीला विचारल्याशिवाय पान हलत नाही याचं मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? आता जाताना "तुम्हाला सगळं जमेल" म्हणायचं, म्हणजे पोहायला न शिकवता तापीत ढकलायचं आणि वर काठावरून टाळ्या वाजवायच्या.

म्हणून दोन महिन्यांपासून काम त्यांच्या हातात देऊन बाजूला बसतो. पहिल्याच लॉटला गोटा (साल निघालेला अख्खा दाणा) कमी, चुरा जास्त. शेठ तापले. मी उठलो नाही. माझ्या हिशेबी हाच धीर. तुम्हाला काय वाटतं?

यावलकर

शिकवणं बरोबर, पण शब्दांना इतकं हलकं समजू नका. मी एका सूतगिरणीत होतो, आता ती बंद आहे. आमचे हेड जॉबर, म्हणजे खात्यातले मुख्य कारागीर, निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही. प्रत्येकापाशी जाऊन एकेक गोष्ट सांगितली. मला म्हणाले, "त्या रात्री पट्टा तुटला तेव्हा तू मला उठवायला आला नाहीस, स्वतःच बसवलास. मी सकाळी बघितलं, बोललो नाही." १९ वर्षं झाली. गिरणी गेली, ते वाक्य आहे माझ्याजवळ. तुम्ही बाजूला बसता ते पोरांना धीर वाटत असेल की राग, हे त्यांना कसं कळणार? तोंड उघडा की.

रोखठोक, धुळे

शेठला भाषण कशाला हवंय ते ओळखा. मिस्त्री गेला की त्याच्या पगारातले चार पैसे कोणी मागू नयेत, म्हणून "आपण एक कुटुंब" ऐकवायचं आणि तेही तुमच्या तोंडून.

पोरांना खरा धीर द्यायचा तर तुमच्या ग्रॅच्युइटीचा हिशेब दाखवा. सलग पाच वर्षं झाली की हक्क लागतो. दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. शेवटचा पगार २६ हजार असेल तर १५ हजार गुणिले २४, म्हणजे ३ लाख ६० हजार. हा चेक तुमच्या हातात पडलेला ओट्यावरच्या पोराने पाहिला, की तोही टिकेल. नाही पडला, तर तुमचं भाषण ऐकून उपयोग काय?

जिनवाला, चोपडा

रोखठोक, तुम्हाला प्रत्येक शेठ चोर दिसतो. माझं छोटं जिनिंग आहे. भर सीझनला फिटर सोडून गेला. जाताना हमालांना सांगून गेला, "इथे काही राहिलं नाही." आठ दिवसांत आणखी तिघं गेले. दारात कापसाच्या गाड्यांची रांग आणि रोलर बंद. जाणाऱ्याचा शेवटचा शब्द मागच्यांच्या डोक्यात घर करून बसतो, म्हणून चांगलं बोलून जावं. यात लबाडी काय?

रोखठोक, धुळे

फिटर खोटं बोलला होता का, एवढंच सांगा.

जिनवाला, चोपडा

त्या वर्षी खरंच ओढाताण होती. पण पगार कोणाचा बुडवला नाही.

बट्टीवाला

भाऊ, कायले इतकं मनाले लावून घेता? वरण-बट्टी घाला, वांग्याची भाजी करा, सगळे खूश!

असोदेकरीण

बट्टी थापायला त्याच सहा बायांना लावाल, म्हणजे झालं.

माझी आई डाळ निवडायची. रंग ओळखणारं सॉर्टेक्स मशीन आलं आणि वीस बायांच्या सात उरल्या. मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा पुरुषांना शाल-श्रीफळाच्या फोटोत बोलावलं, बाया सूप घेऊन मागे बसून. डाळमिस्त्री, तुमच्या लेखात मशिनीवरच्यांची परीक्षा आहे, ओट्यावरच्यांची आहे, बायांचा फक्त आकडा आहे. त्यांची नावं हजेरीपटावर आहेत की मुकादमाच्या वहीत? वहीत असतील तर वर सांगितलेल्या हिशेबासाठी त्यांना भांडत बसावं लागेल. जाण्याआधी शेठपाशी तुमचा शब्द चालतोय तोवर तेवढं करा. आणि "तुमचं काम कुठे जात नाही" असं मात्र सांगू नका. ते तुमच्या हातात नाही.

यावलकर

हे मात्र माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तरी एकेकीशी बोलाच. ते काम नंतर शेठ करणार नाही.

डाळमिस्त्री, जळगाव

ताई, नावं वहीतच आहेत. २४ वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. काल शेठकडे विषय काढला, "सीझननंतर बघू" म्हणाले. नवी तूर यायला लागली की मला कोण ओळखणार, म्हणून परत उद्या जातोय.

आज दुपारी आभाळ भरून आलं. ओट्यावरचा पोरगा धावत आला, "ताडपत्री टाकू का?" मी म्हटलं, तू बघ. त्याने वर पाहिलं, दाणा चावला आणि टाकली नाही. सर आली, चार पोत्यांचा माल भिजला. शेठ मला बोलले. मी त्याला काहीच बोललो नाही, आणि यावलकर, इथे तुमचं पटलं, कारण तो संध्याकाळी डबा न खाता गेला. आता त्याच्या घरी निघालोय. माझ्या पहिल्या पावसाळ्यात माझी अकरा पोती भिजली होती, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.