मदत हवी आहे: ट्रान्झॅक्शन्स अडकून पडलीत, रीस्टार्टनेही सुटत नाहीत

कोड_आणि_काटा (सकाळी ७:५०)
नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका आडत्याचं काटा-बिलिंग आम्ही सांभाळतो. काल रात्री ॲप्लिकेशन सर्व्हर नव्या मशीनवर हलवला. सकाळपासून संत्र्याच्या चार लॉटचं बिल बनवायला गेलं की स्क्रीन नुसती फिरत राहते, मग टाइमआउट. बाकी लॉट मस्त चालून राहिले. तीनदा रीस्टार्ट केलं. अडकलेली ट्रान्झॅक्शन्स हातानं कशी सोडवायची? लवकर सांगा राजेहो, गेटवर गाड्या उभ्या आहेत.

अंबाझरी७८ (७:५८)
कोणता सर्व्हर? कोणता डेटाबेस? लॉगमध्ये काय येतं? अन् "हलवला" म्हणजे काय काय हलवलं?

वेबलॉजिकवाला (८:०४)
स्टक थ्रेड. ६०० सेकंदांच्या वर एकाच रिक्वेस्टमध्ये थ्रेड अडकला की वेबलॉजिक (ओरॅकलचा ॲप्लिकेशन सर्व्हर) त्याला स्टक धरतो. दहा-दहा सेकंदांनी तीन थ्रेड डंप घे, कोणता थ्रेड कुठे अडकला ते दिसेल. मी २०१२ पासून हेच करून राहिलो.

कोड_आणि_काटा (८:०९)
थ्रेड नाही हो, ट्रान्झॅक्शन! अन् वेबलॉजिक नाहीच आहे. डेटाबेस पोस्टग्रेस. पीजी_ब्लॉकिंग_पिड्सला विचारलं कोण अडवून राहिलं, तर उत्तर आलं शून्य. शून्य नंबरची प्रोसेस मारू कशी? डेटाबेसही रीस्टार्ट केला, त्या लॉटवरचं कुलूप (लॉक) तसंच.

रेणू_परसोडी (८:१५)
शून्य आलं म्हणजे कुलूप धरणारी प्रोसेसच नाही. प्रिपेअर होऊन, म्हणजे "मी तयार" सांगून, कमिटची (पक्कं होण्याची) वाट बघत बसलेलं ट्रान्झॅक्शन आहे. ते डिस्कवर लिहिलेलं असतं, डेटाबेस दहादा रीस्टार्ट कर, तिथंच राहील. अशांची यादी पीजी_प्रिपेअर्ड_एक्झॅक्ट्समध्ये असते, ती बघ आणि त्यातले जीआयडी (ट्रान्झॅक्शनची ओळख) इथे टाक. (फोनचा कीबोर्ड मराठीवर आहे, नावं तशी वाचून घे.)

जुना_डीबीए (८:१७)
ओरॅकलमध्ये याच्यासाठी डीबीए_टूपीसी_पेंडिंग आहे. एरर १५९१ येतो, कमिट फोर्स मारायचं, झालं.

अंबाझरी७८ (८:१८)
काका, पोस्टग्रेस म्हणाला तो.

जुना_डीबीए (८:२०)
तत्त्व तेच आहे. तुम्ही मुलं तत्त्व शिकत नाही.

कोड_आणि_काटा (८:२४)
चार ओळी आहेत! चारही काल रात्री ११:४० च्या आसपासच्या. सगळे जीआयडी १३१०७७ ने सुरू होतात, पुढे अंडरस्कोर आणि अगडबंब अक्षरं.

आउटबॉक्स_भक्त (८:२६)
आडत्याच्या बिलाला टू-फेज कमिट (आधी सगळ्यांची तयारी, मग एकदम कमिट) कायले पाहिजे बाप्पा? पोस्टग्रेसमध्ये मॅक्स_प्रिपेअर्ड_ट्रान्झॅक्शन्स मुळात शून्य असतं, म्हणजे कोणीतरी मुद्दाम वाढवलं. एक्सए (हीच टू-फेजची पद्धत) काढून टाका, आउटबॉक्स टेबल ठेवा, म्हणजे मेसेज आधी डेटाबेसमध्येच लिहा अन् मागाहून पाठवा.

अंबाझरी७८ (८:२९)
गाड्या गेटवर उभ्या आहेत आणि तुम्ही घराचा नकाशा बदलायला सांगून राहिले. सरळ रोलबॅक प्रिपेअर्ड मार चारही जीआयडीवर, ती रद्द होतील. बिलं परत बनवता येतात.

कोड_आणि_काटा (८:३३)
मारलं. "ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये चालत नाही" म्हणतो.

रेणू_परसोडी (८:३४)
नशीब! तुझ्या क्लायंटचा ऑटोकमिट बंद आहे म्हणून वाचलास. आता हात लावू नकोस.

१३१०७७ हा नारायणाचा (ट्रान्झॅक्शन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) शिक्का, म्हणजे तुझा ॲप्लिकेशन सर्व्हर वाइल्डफ्लाय किंवा जेबॉस. ट्रान्झॅक्शनमध्ये डेटाबेसशिवाय दुसरं कोण होतं? नव्या सर्व्हरचा नोड-आयडेंटिफायर (सर्व्हरचं ओळख-नाव) जुन्यासारखाच आहे का? जुनी डिस्क शाबूत आहे का? रोलबॅक की कमिट, हे त्या डिस्कवर ठरेल. सगळ्यांनी प्रिपेअर केल्यावर कमिटचा निर्णय सर्व्हर स्वतःच्या डिस्कवर टीएक्स-ऑब्जेक्ट-स्टोअर या फोल्डरमध्ये लिहून ठेवतो. नोंद असेल तर कमिट, नसेल तर रोलबॅक. नोंद असताना रोलबॅक मारलं तर बिल जाईल आणि दुसरीकडचा मेसेज मात्र पुढे जाईल.

कोड_आणि_काटा (८:४१)
वाइल्डफ्लायच आहे, सांगायचं राहिलं. दुसरं म्हणजे आर्टेमिस या मेसेज सर्व्हरची रांग, तिच्यावरून गेटपासचं प्रिंट निघतं. आर्टेमिस वेगळ्या मशीनवर आहे, त्याला हात नाही लावला. जुनं मशीन टेबलाखाली आहे. यूपीएस बसला म्हणून चालू कामातच बंद पडलं होतं. नोड-आयडेंटिफायर नव्यावर "कळमना२" दिला, कारण सुरू होताना "डीफॉल्ट नाव आहे" असा इशारा येत होता. जुन्यावर नुसता १ होता. डेटा फोल्डर नवं कोरं.

रेणू_परसोडी (८:४५)
इशारा घालवलास ते बरोबर, पण चुकीच्या रात्री. त्या अगडबंब अक्षरांत नोडचं नाव असतं. "कळमना२" रिकव्हरी (अडकलेली ट्रान्झॅक्शन्स निकालात काढणं) करायला जातो, त्याला नोड १ ची ट्रान्झॅक्शन्स दिसतात, आणि "ही माझी नाहीत" म्हणून तो सोडून देतो. नवा सर्व्हर बंद कर, जुन्या डिस्कवरचं स्टँडअलोन/डेटामधलं टीएक्स-ऑब्जेक्ट-स्टोअर कॉपी कर, नोड परत १ कर, मग सुरू कर. रिकव्हरी दर १२० सेकंदांनी फिरते. ज्यांची नोंद आहे ती कमिट करेल, बाकीची रोलबॅक. तुला हातानं काही करायचं नाही.

पण त्याआधी दिवाणजींना विचार, या चार लॉटचा माल गेला की आहे.

वेबलॉजिकवाला (८:४८)
वेबलॉजिकमध्ये ८६४०० सेकंद झाले की ट्रान्झॅक्शन आपोआप सोडून देतो. एक दिवस थांबायचं.

आउटबॉक्स_भक्त (८:५०)
संत्रं एक दिवस थांबते काय?

अंबाझरी७८ (८:५३)
माझा रोलबॅकचा सल्ला मागे घेतो. नोड १ लावताना एक बघून घे. टेस्ट सर्व्हरचा नोडही १ असेल आणि तो याच डेटाबेसकडे बघत असेल, तर प्रॉडक्शनची चालू ट्रान्झॅक्शन्स अनाथ समजून तो रोलबॅक करून टाकेल.

कोड_आणि_काटा (९:२२)
टेस्टचा डेटाबेस वेगळा आहे. स्टोअर कॉपी केलं, नोड १ केला, सुरू केलं. दोन-अडीच मिनिटांत पीजी_प्रिपेअर्ड_एक्झॅक्ट्स रिकामं! तीन लॉट रोलबॅक झाले, त्यांची बिलं परत बनवली, गाड्या निघाल्या. चौथ्याची नोंद होती, तो कमिट झाला आणि गेटवरच्या प्रिंटरनं आपोआप रात्रीचा गेटपास काढला.

रेणू_परसोडी (९:२५)
छान. दिवाणजींना विचारलं होतं ना?

कोड_आणि_काटा (९:३१)
नाही, घाईत राहिलं. ती गाडी रात्रीच हातच्या चिठ्ठीवर निघून गेली होती. सकाळच्या पाळीच्या गेटवाल्याला माहीत नव्हतं. त्यानं तो गेटपास नंबरचे शेवटचे आकडे तेच असलेल्या दुसऱ्याच गाडीला दिला. ती आता कामठी रोडला लागली. दिवाणजी मला बोलवून राहिले.