घरपट्टी सगळ्यांना सारख्याच न्यायाने लावलीय का, हे मोजायचं कसं?

तळ्याकाठचो: उत्तर गोव्यातल्या एका पालिकेच्या हद्दीत राहतो. आमच्या वरचा फ्लॅट गेल्या वर्षी विकला गेला, नव्या मालकाने नाव चढवलं आणि लगेच नवी आकारणी आली, माप तेच, बिल्डिंग तीच, पण पट्टी आमच्या जवळपास दुप्पट. आता तो मला विचारतो, तुम्ही कुणाला धरलं होतं म्हणून! आणि पलीकडे नदीकडे तोंड करून जे व्हिला झालेत त्यांची पट्टी ऐकली तर हसू येतं. ऑफिसात विचारलं तर "नियमाप्रमाणे आहे". मला एका घराचं भांडण करायचं नाही, अख्ख्या वॉर्डाची आकारणी वाकडी आहे की सरळ हे आकड्यात दाखवता येतं का?

हिशेबी_फोंडेकर: येतं. आकारणी अधिकाऱ्यांची आयएएओ म्हणून आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिची रीत सोपी आहे. ज्या घरांची खरी विक्री झाली त्यांचं आकारणीतलं मूल्य भागिले विक्रीची किंमत, हा रेशो काढायचा. समजा ५ घरं, किंमत ३०, ४०, ६०, १०० आणि २०० लाख, आणि आकारणीत धरलेत २७, ३४, ४५, ७० आणि १२० लाख. रेशो आले ०.९०, ०.८५, ०.७५, ०.७०, ०.६०. मधला ०.७५. प्रत्येक घर त्या मधल्यापासून सरासरी किती लांब आहे ते टक्क्यात काढलं की सीओडी, इथे १२. घरांसाठी १५ च्या आत चालतं, म्हणजे पालिका म्हणणार बघा सगळं ठीक.

पण आता रेशोंची साधी सरासरी (०.७६) भागिले एकूण आकारणी/एकूण किंमत (२९६/४३० = ०.६९ च्या आसपास). याला पीआरडी म्हणतात, आला १.१०. हा ०.९८ ते १.०३ मध्ये पाहिजे. त्याच्या वर गेला की समजायचं स्वस्त घरवाला महाग घरवाल्यापेक्षा जास्त भार उचलतोय. तुझा व्हिलावाला संशय इथेच दिसेल, सीओडीत नाही.

पायलट_निवृत्त: बाब, गणित ठीक पण गोव्यात सेल डीडवरचा आकडा खरा कुठे असतो 😀 व्हिलाच्या डीडमध्ये अर्धे पैसे नसले तर भागाकाराचा खालचा आकडा लहान होतो, रेशो फुगतो आणि व्हिला जास्त पट्टी भरतोय असं दिसतं, म्हणजे जो अन्याय शोधायला निघालास तोच झाकला जातो. बँकेचं कर्ज काढून घेतलेले व्यवहार त्यातल्या त्यात भरवशाचे, पण मग रोखीवाले महाग व्यवहार यादीतून गळतात, तेही ध्यानात ठेव. घरच्या घरात, भावाभावात झालेले डीड तर आधी काढून टाक.

कोर्टाचो_पायंडो: दुसरं म्हणजे पालिकेत घरपट्टीचा पाया वार्षिक भाड्यावर काढलेलं करयोग्य मूल्य असतो, विक्रीची किंमत नव्हे. तेव्हा तुलना भाड्याशीही करून बघ. १९७९ च्या दिवाण दौलत राय कपूर खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तिथे स्टँडर्ड रेंटच्या (त्या कायद्याप्रमाणे घेता येणाऱ्या कमाल भाड्याच्या) वर मूल्य धरता येत नाही. आपल्याकडेही १९६८ चा भाडे कायदा आहेच, त्यामुळे एखाद्या जुन्या घराची पट्टी कमी दिसली म्हणून लगेच ओळखपाळख लावली असं म्हणू नये.

आणि "सगळ्यांना चौरस मीटरला एकच दर लावा" म्हणणाऱ्यांसाठी: केरळने १९६१ मध्ये क्षेत्रफळावरच इमारत कर लावला होता, घर कुठे आहे, भाडं किती येईल काही न बघता. कुट्टी नाहा खटल्यात कोर्टाने तो घटनेच्या कलम १४ (समानतेचा हक्क) खाली रद्द केला, असमान लोकांना एकाच मापाने मोजलं म्हणून. सारखा दर म्हणजे न्याय असं नाही.

तळ्याकाठचो: भाड्याचं पटलं. पण व्हिला रात्रीच्या दराने जातात, डिसेंबरचा दर गुणिले ३६५ धरू का?

हिशेबी_फोंडेकर: अजिबात नको, पावसात ते अर्धे रिकामे असतात. वर्षभराच्या करारावर दिलेल्या घरांचं भाडं घे. आकारणीचं रजिस्टर माहिती अधिकारात माग, नावं नकोत म्हणून लिही, फक्त क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, शेवटची आकारणी कधी झाली आणि मूल्य. तो शेवटच्या आकारणीचा रकाना विसरू नको, तुझ्या शेजाऱ्याचं दुखणं तिथेच आहे: विकलेलंच घर नव्याने मोजायचं आणि बाकीची वर्षानुवर्षं तशीच ठेवायची. म्हणून विक्रीआधीचं मूल्य घे. विक्रीनंतर सुधारलेलं घेतलंस तर रेशो छान १ च्या जवळ येतील आणि वॉर्ड एकदम स्वच्छ दिसेल, पण न विकलेल्या घरांबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

पायलट_निवृत्त: आणि एखादा फार महाग व्हिला यादीत असला तर पीआरडी तो एकटाच ओढून नेतो. तो घालून एकदा आणि काढून एकदा, दोन्ही आकडे अर्जात दे, नाहीतर पहिल्याच बैठकीत त्याच्यावर बोट ठेवतील.