डिस्चार्जनंतरच्या शुश्रूषेचा खर्च: विमा घेतलात की पैसे बाजूला टाकलेत? अनुभव लिहा

बाबांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. हॉस्पिटलचं सव्वातीन लाखांचं बिल मेडिक्लेममधून कॅशलेस भागलं. आम्हाला वाटलं, सुटलो. खरा खर्च त्याच संध्याकाळी दारात उभा राहिला. नर्सिंग ब्युरोकडून शुश्रूषेला चोवीस तासांच्या मावशी, महिन्याला 27 हजार. शिवाय एअर बेड, डायपर, फिजिओ. डिस्चार्जनंतर 60 दिवसांची औषधं आणि तपासण्या पॉलिसीत बसल्या, पण मावशींचा पगार आणि डायपर 'नॉन-पेएबल'च्या, म्हणजे विमा देत नाही अशा खर्चांच्या यादीत गेले. आता मी 46 वर्षांची आहे आणि माझ्या म्हातारपणाची तजवीज आत्ताच करायची आहे. या वाटेवरून गेला असाल तर आकड्यांसकट लिहा.

नाशिकहून
ताई, आमच्याकडे मिस्टरांची 15 लाखांची क्रिटिकल इलनेस, म्हणजे ठरावीक गंभीर आजारांसाठीची पॉलिसी होती. तिनेच तारलं. पैसे एकरकमी मिळतात, खर्चाची बिलं मागत नाहीत, त्यामुळे मावशींचा पगारही त्यातूनच दिला. पण स्ट्रोकची (पक्षाघाताची) व्याख्या नीट वाचा. नुसता झटका आला म्हणून क्लेम मिळत नाही. त्यातून आलेलं कायमचं अपंगत्व किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा लागतो. आम्ही दुसऱ्याच महिन्यात कागद पाठवले आणि ते परत आले. तिसरा महिना उलटल्यावर न्यूरोलॉजिस्टकडून नवं पत्र घेतलं, मग काम झालं. मधले तीन महिने घरच्याच पैशांवर काढावे लागतात. सासूबाईंच्या डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) मात्र आमच्या पॉलिसीच्या यादीत पत्ताच नव्हता.

कोल्हापूरहून
70 वर्षांवरच्यांना आयुष्मानचं कार्ड मिळतं, 5 लाखांचं. वडिलांचं काढलंय, तुम्हीही जरूर काढा. पण तेही दवाखान्यातल्या उपचारांसाठी. घरी ठेवलेल्या मावशींसाठी नाही.

सिंगापूरहून
मी इथे पीआर (कायमची रहिवासी) आहे आणि माझा जन्म 1980 नंतरचा, त्यामुळे केअरशील्ड लाइफ हा इथला सरकारी शुश्रूषा-विमा मला सक्तीचा आहे. अंघोळ, कपडे घालणं, जेवणं, शौचाला जाणं, चालणं-फिरणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, या सहांपैकी तीन गोष्टी स्वतःला जमेनाशा झाल्या की दरमहा ठरावीक रक्कम सुरू होते आणि तशी स्थिती असेपर्यंत, अगदी आयुष्यभर, मिळते. आजाराचं नाव काय, याला महत्त्व नाही. भारतातली पॉलिसी बघताना मी हाच प्रश्न विचारते: पैसे आजाराच्या नावावर मिळणार की परावलंबी झाल्यावर? सांगलीतल्या आईला माझ्या या विम्याचा काडीचा उपयोग नाही. तिच्यासाठी मी दरमहा वेगळे पैसे ठेवते.

ठाण्याहून
आईला डिमेन्शिया होऊन सहा वर्षं झाली. निदान झालं तेव्हा ती 72 वर्षांची होती. पॉलिसीची वेळ टळून गेली होती. तिचं गावचं घर विकून आलेले 30 लाख सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये टाकले. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 61,500 येतात, म्हणजे महिन्याला साडेवीस हजार. दिवसाच्या मावशींचा पगार त्यातून निघतो. रात्री मी आणि भाऊ आलटून-पालटून असतो. माझ्या मते पन्नाशीच्या आत असाल तर विमा आणि असा फंड दोन्ही करा, एकावर विसंबू नका.

आणखी एक. आईच्या उशाशी दोनशे पानी वही ठेवली आहे. मावशी लिहितात: 'सात वाजता पेज, अर्धी वाटी. दहाला कूस बदलली. डायपर 2.' शेवटच्या पानावर मी त्या महिन्याचा खर्च लिहिते. आमचा खरा आकडा किती, ते या वहीमुळे कळलं. आधी सगळे अंदाज निम्म्याने चुकत होते.

मूळ धागाकर्ती
ताई, वही आजच आणली. बाबांचे मागचे तीन महिने आठवून लिहितेय. दोन कंपन्यांकडून क्रिटिकल इलनेस पॉलिसीची पूर्ण कागदपत्रं मागवली आहेत; स्ट्रोक आणि अल्झायमरची पानं आधी वाचणार. रविवारी दादा येतोय. कोण दरमहा किती टाकणार, ते वही समोर ठेवूनच बोलू.